कासारणीची मुलाखत

आयुष्यात मी बरीच माणसं कामावर ठेवली, आणि त्याहून किती तरी जास्त परत पाठवली. ठेवलेल्यांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. परत पाठवलेल्यांपैकी एका बाईचा चेहरा मात्र स्वच्छ आठवतो. तो आठवला की स्वतःविषयी जे मनात येतं, ते मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आता ज्यांच्यापासून लपवायचं ते सगळे गेले. मग झाकून तरी काय करायचं?

तेव्हा बीडवर निजामाचा अंमल होता. माझं शिक्षण सरकारी मदरशात उर्दूतून झालेलं. घरी वडिलांनी मराठी आणि मोडी घटवून घेतली होती, आणि एका वकिलाकडे पडेल ते काम करून मोडकीतोडकी इंग्रजीही शिकलो होतो. तेवढ्या भांडवलावर पंचविसाव्या वर्षी मला एका चहाच्या कंपनीत नोकरी लागली. राजुरी वेशीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत कंपनीचं ठाणं होतं. पुढच्या खोलीत तराजू, टेबल आणि मी. मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेल्या चहाच्या लाकडी पेट्या. माल रेल्वेनं जालन्याला उतरायचा आणि तिथून लॉरीनं आमच्याकडे यायचा. आमचे साहेबही जालन्यालाच राहत आणि महिन्यातून एकदा मोटारीनं बीडला येत. बाकीचा महिना ठाण्याचा धनी मीच. लोक मला मुनशी म्हणत, आणि मला ते आवडायचं.

चहा पिणारे त्या वेळी किती? अंमलदारांची घरं, शहरातली मुसलमान घराणी, दोन-चार वकील, शाळामास्तर. वेशीबाहेर पाऊल टाकलं की चहा म्हणजे तापात घ्यायचा काढा. कंपनीला तो प्रत्येक चुलीवर चढवायचा होता. त्यासाठी आदल्या वर्षी साहेबांनी गावोगावच्या बाजारात किटल्या पाठवल्या होत्या. फुकट चहा पाजायचा, चटक लावायची, मग डबा विकायचा, असा बेत. मी स्वतः पालीच्या बाजूला एकदा त्या लोकांबरोबर गेलो होतो. गर्दी जमली. पहिला प्रश्न आला, "किटली कुणाच्या हातची हाय?" वाढणाऱ्याची जात सांगितली की अर्धे निघून जात, आणि नाही सांगितली की सगळेच. जे पीत, ते मिशा पुसून घरी जात आणि पुढच्या बाजारी पुन्हा फुकट प्यायला येत. डबा कुणी घेतला नाही.

तेव्हा साहेबांनी हुकूम केला की जुनी माणसं काढा आणि नवे प्रचारक नेमा. "तू यहीं का आदमी है, तू चुन," असं मला म्हणाले. उमेदवारांना भेटायचं, प्रश्न विचारायचे, कोण काय म्हणालं ते लिहून ठेवायचं, आणि साहेब आले की त्यांच्यापुढे ठेवायचं. मी उर्दूत आणि मराठीत इश्तिहार लिहिला: चहाच्या प्रसारासाठी बोलके, निर्व्यसनी, लिहिता-वाचता येणारे इसम पाहिजेत, दरमहा पगार मिळेल. तो शाळेच्या आणि चावडीच्या भिंतीवर लावला. वकिलाकडून दोन खुर्च्या मागून आणल्या. नवी टोपी घेतली. आरशात पाहून चेहरा गंभीर करायचा सरावसुद्धा केला, हे आज सांगायला लाज वाटते.

पहिल्या दिवशी आलेल्यांत एक पुराण सांगणारे गृहस्थ होते. मी विचारलं, चहा कसा विकाल? त्यांनी समुद्रमंथनापासून सुरुवात केली. चौदा रत्नं संपेपर्यंत माझा चहा दोनदा गार झाला. त्यांना मी हात जोडले.

दुसरा एक धनगर होता. मेंढरं घेऊन बाजारोबाजार फिरणारा, चांगला उंच, खांद्यावर घोंगडी. लिहिता येत नव्हतं, पण त्याचा सौदा करण्याचा हात मोठा आहे असं कुणीतरी मला सांगितलं होतं. त्यानं आयुष्यात चहा घेतला नव्हता. म्हणाला, "आधी पिऊन बघतो, मग सांगतो." मी पेला दिला. त्यानं दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि पेला खाली ठेवला.

"कडू हाय."

"लोकांना गोड आहे म्हणून सांगाल ना?"

"कावून? कडू हाय तर कडू म्हनीन. मेंढरू लंगडं आसलं तर लंगडं म्हनूनच इकतो मी. म्हनून तर लोक माझ्याकडून घेत्यात."

मी हसलो. कागदावर लिहिलं, 'अडाणी, अयोग्य'. त्यानं खुर्चीवरून उठताना खुर्ची नीट जागेवर सरकवली, एवढं आठवतं.

तिसरा आला तो घोड्यावरून. आमच्या भागातल्या एका मोठ्या जमीनदाराचा पुतण्या. पायात चकचकीत पंपशू, हातात काकाची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलगा होतकरू आहे, आणि कंपनीला बाजारात जागा मिळण्यात किंवा तहसीलीत काही अडचण असल्यास आम्ही आहोत. मी प्रश्न विचारले. चहा कसा विकाल? तो म्हणाला, "इकायला मानसं ठेवू की." बाजारात उभं राहावं लागेल. "हुबं?" त्यानं एवढंच विचारलं आणि माझ्या टेबलाकडे पाहून म्हणाला, "माझी बसायची जागा कुठली?" मी त्याच्यापुढे उठून उभा होतो, हे मला तो गेल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं वाळकी, नऊवारी लुगड्याचा काष्टा, हातात कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या, डोक्यावर मोठं गाठोडं. दारातच गाठोडं उतरवून तिनं आत पाहिलं. शिरूरची कासारीण. शिरूरला कासारांची पुष्कळ घरं, आणि ही बाई बांगड्यांच्या माळा घेऊन पंचक्रोशीतल्या चाळीस गावांत पायी फिरायची. आमच्या गल्लीतही यायची. माझ्या बायकोनं तिच्याकडून बांगड्या भरलेल्या मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, पाणी मागायला आली असेल.

"दादा, नोकरीचं इचारायला आलते," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"मपल्यासाठी."

मी पुन्हा हसलो. ती हसली नाही. खुर्ची समोर होती, पण मी बस म्हटलं नाही आणि तीही खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली, दोन्ही गुडघे हातांनी दाबत. नवऱ्याचं एक अंग तीन वर्षांपासून लुळं पडलेलं होतं. घर तिच्या फिरण्यावर चालायचं, आणि आता गुडघे बोलायला लागले होते. चाळीस गावं आणखी किती दिवस होणार? इश्तिहार तिनं एका मास्तराच्या बायकोकडून वाचून घेतला होता. "दरम्हैना पगार," हे दोन शब्द तिनं असे उच्चारले जसे काही एखाद्या देवस्थानाचं नाव घ्यावं.

"लिहिता-वाचता येतं?"

"न्हाई."

तिथंच मुलाखत संपायला हवी होती. पण दुपार मोठी होती, कुणी उमेदवार नव्हता, आणि मला करमणूक हवी होती. मी सगळ्यांना विचारायचो तोच प्रश्न तिला विचारला. "बाई, चहा कसा विकाल?"

तिनं मलाच विचारलं, "तुमी आजपातूर कसा इकला?"

मी किटल्यांची हकीकत सांगितली. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. मग म्हणाली, "बाप्यांला पाजून काय उपेग दादा? चूल त्यांच्या हातात हाय का? बाप्या बाजारात फुकट पितो आन् घरी जाऊन इसरतो. घरात काय शिजायचं ते बाई ठरवती."

मी म्हटलं, "मग बायकांना कुठं गाठायचं? त्या बाजारात थांबत नाहीत."

"मी बांगड्या भरते तवा बाईचा हात माझ्या हातात आसतो. दोन्ही हात भरूस्तोर ती उठून जात न्हाई. सासू जवळ बसलेली, जावा बसलेल्या. तवा सांगितलेलं कानात ऱ्हातं."

आता मी हसायचा थांबलो होतो. तिनं पुढं सांगितलं ते मी आजही शब्दाशब्दानं सांगू शकतो. "पेला दिऊच नका. पेल्याला जात लागती. पुडी द्या. कोरडी पत्ती, कागदात बांधलेली. बाई मपल्या चुलीवर, मपल्या पान्यात, मपल्या हातानं करंल. मग कोन कशाला इचारतो कुनाच्या हातचा?"

वर्षभर कंपनी ज्या भिंतीवर डोकं आपटत होती, ती या बाईनं बसल्या बसल्या ओलांडली. मी दौतीत टाक बुडवला.

डबा मोठा असतो, तो फक्त सधन घरात जातो, म्हणून पुडी एका वेळेपुरती लहान असावी. साखर गावात नसते, गूळ असतो, म्हणून गुळाचा चहा शिकवावा. पण गुळानं दूध नासतं. ते कसं टाळायचं तेही तिनं सांगितलं: पत्ती आणि गूळ पाण्यात उकळून भांडं खाली उतरवायचं, दूध वेगळं तापवून वरून घालायचं, आणि पुन्हा चुलीवर ठेवायचं नाही. गाय-म्हैस प्रत्येकाकडे नसते, शेळी असते, तर शेळीचं दूध सांगायचं. हे सगळं ती बीडमधल्या एका अंमलदाराच्या घरी शिकली होती. तिथल्या बेगमला बांगड्या भरायला जायची, तेव्हा ती तिला चहा द्यायची. घरी येऊन तिनं गुळावर करून पाहिला, तीनदा नासला, चौथ्यांदा जमला.

"आन् आजून एक," ती म्हणाली. "पयल्यांदा माहेरवाशिनीला द्यायचा. बाळंतपनाला आलेल्या लेकीला. बाळंतिनीला गरम लागतंच. ती दोन-तीन म्हैने माहेरी ऱ्हाती, तिला सवय लागती, आन् मग ती सवय घिऊन सासरी जाती. एका गावात दिलेली पुडी दुसऱ्या गावाला मपल्या पायानं जाती. तुमची लॉरी तिथं जाऊ शकत न्हाई."

मी चार पानं भरली. ती उठली तेव्हा ऊन कललं होतं. जाताना तिनं विचारलं, "लागंल का दादा मला?"

"साहेबांना सांगतो. कळवू."

"मी बाजाराच्या दिशी येत जाईन इचारायला," असं म्हणून तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

खरं सांगतो, त्या क्षणी तिचं नाव साहेबांना सांगावं असंच माझ्या मनात होतं. दोन दिवस मी त्या पानांची शुद्ध प्रत केली. 'मपल्या' काढलं, 'माहेरवाशीण' ठेवलं. शेळीच्या दुधाच्या जागी गाईचं लिहिलं, कारण साहेबांना शेळीचं नाव हलकं वाटलं असतं. प्रत करता करता वाक्यं माझ्या वळणाची झाली. वाचून पाहिल्यावर मला ती फार आवडली.

साहेब आले. उमेदवारांची यादी बाजूला सारून त्यांनी आधी ती पानं वाचली. खुर्चीत पुढे सरकून बसले आणि पुन्हा वाचली. मग वर पाहून म्हणाले, "ये किसका दिमाग है?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? एक श्वास. त्या एका श्वासात मला जालना दिसलं, रेल्वे दिसली, साहेबांच्या शेजारची खुर्ची दिसली. मी म्हणालो, "हुजूर, इथलाच माणूस आहे मी. थोडा विचार केला."

साहेबांनी उठून माझ्या पाठीवर थाप मारली.

नंतर उमेदवार निवडायचे राहिले. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि जमीनदाराच्या पुतण्याला नेमलं. मला कुणाची शिफारस करायची आहे का, असं त्यांनी विचारलं. तिचं नाव काढलं असतं तर साहेबांनी तिला बोलावलं असतं, निदान हसण्यासाठी तरी. ती आली असती, आणि पहिल्या दोन वाक्यांतच चार पानं कुणाची ते उघडं पडलं असतं. मी खोटं बोललो ते एकदाच, पण त्या एका खोट्यानं तिच्यासाठी खरं बोलायची वाटही बंद केली. मी म्हणालो, "नाही हुजूर."

ती दर बाजाराला येत राहिली. दारात गाठोडं उतरवायची, "आला का हुकूम?" विचारायची. मी कागदांत डोकं घालून म्हणायचो, "अजून नाही." चौथ्यांदा मात्र मी तिला लांबून पाहिलं आणि मागच्या खोलीत जाऊन पेट्यांच्या आड उभा राहिलो. ती बराच वेळ हाका मारत होती. "दादा, वो दादा." शेजारच्या दुकानदारानं तिला सांगितलं की मुनशी आत्ताच बाहेर गेले. ते मी सांगायला सांगितलं नव्हतं. त्यानं आपणहून सांगितलं. माझ्यासारख्याला काय हवं असतं ते बाजारातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

दोन महिन्यांत पुड्या आल्या. लाल कागदाच्या, आत एका वेळेपुरती पत्ती. साहेबांचा हुकूम होता की त्या कासारणींच्या हाती द्याव्यात, विकतील तेवढ्यावर दलाली. मी शिरूर सोडून बाकीच्या गावांतल्या कासारणी गाठल्या. का सोडलं ते कुणी विचारलं नाही. पुड्या चालल्या. मांजरसुंब्याला फाट्यावर गाड्या सोडून बसणारे गाडीवानसुद्धा बायकोनं बांधून दिलेली पुडी तीन दगडांच्या चुलीवर उकळू लागले. पुतण्या घोड्यावरून फिरायचा आणि किती पुड्या गेल्या ते विचारून यायचा. माझा पगार वाढला.

मग एके दिवशी जालन्याहून एक छापील इंग्रजी पत्रक आलं. कंपनीच्या सगळ्या ठाण्यांना पाठवलेलं. मी शब्द लावत वाचत गेलो. पुडी, गूळ, माहेरवाशीण, बांगडीवाल्या बायका, सगळं त्यात होतं, आणि वर आमच्या साहेबांचं नाव. त्यांनी स्वतःच्या निरीक्षणातून हा मार्ग काढला म्हणून त्यांना मुंबईला मोठ्या जागेवर नेलं होतं. माझं नाव कुठंही नव्हतं.

मी संतापलो. तीन दिवस जेवण गेलं नाही. बायकोजवळ साहेबांना नको नको ते बोललो. "माझ्या डोक्यातलं चोरलं," असं म्हणालो. मी ते मनापासून म्हणत होतो, खरोखर मला लुटल्यासारखं वाटत होतं. बायको पोळी लाटत होती. ती म्हणाली, "पण हे तर ती शिरूरची कासारीण सांगत होती की. माझ्या बांगड्या भरताना. तुमच्याकडे जायच्या आधी, कसं सांगू म्हणून माझ्यापाशीच बोलून बघितलं तिनं सगळं." एवढं बोलून तिनं तव्यावरची पोळी उलटली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर आम्ही तीस वर्षं संसार केला. त्यात हा विषय तिनं पुन्हा एकदाही काढला नाही.

कासारांच्या सोयरिकी सगळ्या तालुक्यांत पसरलेल्या. शिरूरला न कळता ही गोष्ट किती दिवस राहणार? कासारीण आली तेव्हा डोक्यावर गाठोडं नव्हतं. म्हणजे खास एवढ्यासाठीच चालत आली होती. हातात लाल पुडी होती. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि या वेळी न विचारता खुर्चीवर बसली.

"सायेब," ती म्हणाली. 'दादा' म्हणणं गेलं होतं. "हे मी बोललेलं हाय."

मी म्हणालो, "बाई, अशा गोष्टी पुष्कळांना सुचतात."

"सुचत्यात. पर मी बोलले तवा तुमी लिवत व्हता. काय लिवलं ते वाचून दावा."

नकार देता आला असता. पण कच्ची पानं खणातच होती, आणि का कोण जाणे, मी ती काढली आणि वाचायला लागलो. मी लिहिलेली तिची वाक्यं मी तिला वाचून दाखवत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती, कुठं कुठं मान डोलावत होती. संपल्यावर म्हणाली, "आन् छापलं त्यात? मपल्या सोयरिकीतल्या बाईच्या पुडीसंगं कागद हाय, त्यात गाईचं दूध लिवलंय म्हनं. म्या शेरडीचं म्हनलं व्हतं. गरिबाकडं गाय कुठली? तेवढं चुकवलं तुमी."

मी पानं खणात परत ठेवली. आणि जे बोलायला नको होतं तेच बोललो. "तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही. नोकरी तशीही मिळाली नसती."

"मग लिवून कावून घेत व्हता?"

बाहेर लॉरीतून पेट्या उतरत होत्या. हमालांचा आरडाओरडा चालू होता. मी म्हणालो, "शिरूरचा माल तुम्हाला देतो. पुड्या न्या. दलाली चांगली आहे."

ती उठली. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला तिला. "पुड्या चाळीस गावं फिरून इकायच्या. फिरनं व्हईना म्हनून तर आलते मी तुमच्याकडं. पगार मागायला आलते सायेब." दारापर्यंत गेली, वळली, आणि म्हणाली, "चार येळा आलते."

पुड्यांचं काम शिरूरला तिच्या जावेनं घेतलं.

मला पुढं जालन्याला बढती मिळाली. पुढची कित्येक वर्षं मी कंपनीसाठी माणसं निवडत होतो. लोक म्हणत, मुनशीला माणसाची पारख आहे. मी उमेदवारांना चहा कसा विकाल म्हणून विचारायचं सोडून दिलं. फक्त कागदपत्रं पाहायचो, उंची पाहायचो, आवाज ऐकायचो. कुणी आपणहून काही सांगायला लागलं की मी हात वर करून थांबवायचो. काहींना वाटायचं मी उद्धट आहे.

नोकरी सुटल्यावर, केस पिकल्यावर, एकदा मी शिरूरला गेलो. कामाचं निमित्त होतं, पण ते काम चिठ्ठीनंही झालं असतं. कासारांच्या आळीत विचारत गेलो. जावेचं घर सापडलं. कासारीण भिंतीशी बसून सुपात ज्वारी निवडत होती. हातांत एकही बांगडी नव्हती. तिचा नवरा मी जालन्याला गेलो त्याच्या पुढच्याच वर्षी वारला, असं जावेनं सांगितलं. आणि नवरा गेल्यावर तिचा धंदाही गेला. विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार? चाळीस गावांतल्या बायका तिला ओळखत, बोलवून जेवू घालत, पण हात कुणी पुढं करीना. तेव्हापासून ती जावेकडे होती. जाऊ वाईट नव्हती. तरी घरातलं निवडणं-टिपणं हिच्याकडे होतं, आणि अंथरूण पडवीत होतं.

नवरा जाण्याचा ज्या नोकरीवर काही परिणाम झाला नसता, अशी एकच नोकरी तिनं मागितली होती. हे मी तिथं उभ्या उभ्या समजलो.

तिनं मला ओळखलं. "बसा," म्हणाली. जावेनं चहा टाकला, गुळाचा. तो येईपर्यंत ती ज्वारीच निवडत होती. मी सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे कुणाचं डोकं, तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की कंपनीनंच बाई नको म्हटलं असेल, मुनशी बिचारा काय करील.

तिचे हात थांबले.

"म्हंजी त्यांनी इचारलं व्हतं?"

"हो."

"आन् तुमी न्हाई सांगितलं."

"नाही सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. हिशोब चुकल्यावर माणूस पुन्हा पहिल्यापासून बोटांवर मोजत जातं, तशी ती कुठं तरी मागे मागे जात होती. मग म्हणाली, "हे सांगाया कावून आलात? मला तेवढं एक बरं वाटत व्हतं, का तुमी सांगून बघितलं आसंल. चार पानं लिवली म्हंजी मानसाला पटलं आसंल, आसं म्हनायचे मी. ते बी घिऊन चाललात."

मी क्षमा मागायचे शब्द तयार करून आणले होते. ते तसेच परत नेले. जावेनं पेला पुढं केला. मी तो घेतला. दूध शेळीचं होतं, आणि चहा उत्तम झाला होता. तो सगळा मी प्यालो. तेवढी लाज तरी मला वाटायला हवी होती.

ती जावेला म्हणाली, "त्यांला वाट दाव. मोटारीचा टाइम झाला आसंल." आणि सूप उचलून आत गेली. उंबरा ओलांडताना तिनं दोन्ही हात चौकटीवर टेकले, आधी एक पाय आत ठेवला, मग दुसरा ओढून घेतला.

मोटारीला अजून दोन तास होते. जाऊ मला आळीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. नमस्कार करून ती म्हणाली, "आता परत नगा येऊ." रागानं नाही, समजुतीनं. मी बरं म्हणालो आणि सडकेच्या कडेला जाऊन उभा राहिलो.